ड्रायव्हर पाहिजे, पण मिळू नये

ट्रक ड्रायव्हर पाहिजे अशी जाहिरात द्यायची आणि तो मिळू नये अशी मनातल्या मनात इच्छा करायची, असं काम माझ्याकडे २००६ साली आलं. त्याआधी वीस वर्षं मी पुण्यात पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट होतो. तिथे गोष्ट सरळ होती. पंप विकायला काढला की तो विकला जावा, असंच सगळ्यांना वाटायचं.

अमेरिकेत मी आलो तो बहिणीमुळे. तिने भरलेले कागद बारा वर्षं रांगेत सरकत राहिले आणि मी सेहेचाळीस वर्षांचा झाल्यावर आमचं ग्रीन कार्ड झालं. बायको आणि मुलीला घेऊन टेक्सासात फ्रिस्कोला उतरलो. त्या वयात माझी कॉस्टिंग कोणाला नको होती. शेवटी एका मराठी डॉक्टरांनी ठेवून घेतलं, तेही दवाखान्यात नव्हे, त्यांच्या ट्रक कंपनीत.

हे डॉक्टर हाडांचे. सत्तरच्या दशकात आले, तीस वर्षं लोकांचे गुडघे आणि खुबे बदलले आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळले. त्यांच्या मित्रांनी गोल्फ धरला, यांनी ट्रक घेतले. ह्यूस्टनच्या बंदरात उतरलेली डाळ, तांदूळ, पापड, लोणची उचलायची आणि डॅलसच्या आसपासच्या देशी दुकानांत पोचवायची. आठ ट्रक, आठ ड्रायव्हर आणि यार्डात एक पत्र्याची केबिन. केबिनमध्ये मी. हिशेब माझ्याकडे, फोन माझ्याकडे, ड्रायव्हरांच्या रजा, रुसवे आणि भरतीही माझ्याकडे. डॉक्टर मला ‘हिशेबनीस’ म्हणत. पहिल्या दिवशी थट्टेने म्हणाले आणि मग तेच नाव पडलं.

त्या वर्षी एक ड्रायव्हर मुलाकडे राहायला ॲरिझोनात गेला आणि एक ट्रक उभा राहिला. त्याच सुमारास डॉक्टरांना इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात जावईबापू भेटले.

जावईबापू हे त्याचं खरं नाव नव्हे, पण सगळं मंडळ त्याला असंच म्हणायचं. त्याची बायको पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. तिला नोकरीचा व्हिसा, आणि हा तिच्या मागोमाग आलेला, कराडचा. तिकडे एका ट्रान्सपोर्ट कंपनीत त्याने पाच वर्षं ट्रेलर चालवले होते. लग्न ठरताना मुलीच्या मामांनी ‘मुलगा ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आहे’ एवढंच चार लोकांत सांगितलं होतं, आणि ते अगदी खरं होतं. इथे आल्यावर मात्र त्याला काहीच करायची मुभा नव्हती. बायकोच्या व्हिसावर आलेल्या माणसाने राहावं, खावं, बागेला पाणी घालावं. पगाराचं काम करू नये. आमच्याकडे अशा बायका पुष्कळ होत्या. पुरुष हा एकटाच. दर शुक्रवारी त्या बायकांची भिशी असे, आणि तिचं आमंत्रण त्यालाही येई. तो जातही असे. साबुदाण्याची खिचडी तो तिथेच शिकला.

मंडळाच्या जेवणात बाकीचे लोक डॉक्टरांना घरांच्या किमती विचारत होते. या पठ्ठ्याने विचारलं, “डॉक्टरकाका, तुमच्या गाड्यांना गिअर किती वो?”

“दहा,” डॉक्टर म्हणाले. तीस वर्षांत त्यांना कोणी इतका सुंदर प्रश्न विचारला नव्हता. दोघं तासभर कोपऱ्यात उभे राहून बोलले आणि श्रीखंड संपलं तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर केबिनमध्ये येऊन म्हणाले, “हिशेबनीस, तो पोरगा आपल्याला हवा. काय कागद लागतील ते बघा.”

कागद बघायला आम्ही डॅलसमधल्या एका वकीलबाईंकडे गेलो. उंच, शांत बाई. बोलताना पेनाचं टोपण काढायची आणि लावायची. तिने सांगितलं ते असं. परदेशी माणसाला कायमचं काम द्यायचं असेल तर आधी इथल्या बाजारात माणूस शोधायचा. रविवारच्या पेपरात दोनदा जाहिरात द्यायची. राज्याच्या रोजगार खात्याकडे तीस दिवस जागा नोंदवून ठेवायची. यार्डात दहा कामकाजी दिवस नोटीस लावायची. पगार सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षा कमी ठेवायचा नाही. जे इथले लोक येतील त्यांना मनापासून भेटायचं. त्यातला एक जरी कामाला लायक आणि तयार निघाला, तर आपल्या माणसाचा अर्ज करता येणार नाही.

“आणि कोणी लायक निघालाच नाही तर?” मी विचारलं.

“तर अर्ज करा.”

“म्हणजे लोक यावेत असं मला वाटायला हवं की येऊ नयेत?”

तिने टोपण लावलं. “तुम्हाला काय वाटतं याबद्दल नियम काही म्हणत नाही. तुम्ही काय करता तेवढंच तो पाहतो.”

मला हा नियम आवडला. इथल्या माणसाच्या पोटावर पाय न देता बाहेरचा आणावा, यात वावगं काय आहे? डॉक्टरांना तो तितकासा आवडला नाही. जाहिरातीत काय लिहायचं यावर ते लगेच कामाला लागले.

“मराठी येणं आवश्यक,” ते म्हणाले.

“का?” वकीलबाईने विचारलं.

“दुकानदारांशी बोलावं लागतं.”

“दुकानदार मराठी बोलतात?”

“गुजराती बोलतात,” मी म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मोडलेला पाय सोडून दुसऱ्याच पायाला प्लास्टर घातलंय.

मग त्यांनी शाकाहारी असावा, पापडाची पोती हळुवार उचलणारा असावा, असं बरंच सुचवलं. वकीलबाईने सगळं खोडलं. कामाला खरोखर जेवढं लागतं तेवढंच मागायचं, आणि जे आपल्या माणसाकडे नाही ते दुसऱ्याकडे मागायचं नाही. जावईबापूकडे इथलं जड वाहनाचं लायसन्स नव्हतं, कारण कामाची परवानगी नसल्याने ते काढताच येत नव्हतं. म्हणून जाहिरातीत आलं: ट्रेलर चालवल्याचा सहा महिन्यांचा अनुभव, लायसन्स रुजू होण्याआधी काढलं तरी चालेल, ह्यूस्टनची फेरी, रात्री घरी परत. शिवाय ज्याच्यासाठी हे चाललंय त्याने निवडीत नाक खुपसायचं नाही. मी जावईबापूला बजावलं की मुलाखती चालू असतील तेव्हा तिकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

“आवो काका, म्या काय भांडाय येणाराय का त्यांच्यासंगं?”

“भांडायला नाही, पण गिअर किती म्हणून विचारायला येशील.”

नोटीस केबिनबाहेर लागली तेव्हा आमच्याच एका जुन्या ड्रायव्हरने ती दोनदा वाचली आणि आत येऊन गंभीरपणे विचारलं, “हे माझं काम आहे का?” मी त्याला शेजारच्या उभ्या ट्रकचं आहे असं समजावलं. तरी जाताना त्याने स्वतःच्या ट्रकवर एक हात फिरवला.

मुलाखती केबिनमध्येच व्हायच्या होत्या. पण जुलै महिना होता, केबिनचा एसी बंद पडला होता आणि आत एकच खुर्ची होती. डॉक्टर म्हणाले, पंखा लावा. मी थर्मामीटर लावला. एकशे आठ निघाले. अशा भट्टीत माणसाला बसवून अनुभव विचारणं याला काही मनापासून भेटणं म्हणता येणार नाही, म्हणून मी मुलाखती आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर घ्यायच्या ठरवल्या. सकाळी दहाची वेळ.

बायकोला हे सांगितलं आणि सगळा घोटाळा तिथेच झाला, कारण तिच्या दृष्टीने सकाळी दहाला घरी येणाऱ्या माणसाला एकच गोष्ट देतात.

“पोहे कशाला?” मी म्हणालो. “तो नोकरीसाठी येतोय.”

“मग? सकाळी दहाला दारात आलेला माणूस नुसत्या पाण्यावर घालवू? आणि तुम्ही त्याला नको म्हणणार. नको म्हणायचं असेल तेव्हा तर खायला घालतातच. माझ्या वेळी बघायला आलेले पाच जण पोहे खाऊन गेले आणि कळवतो म्हणाले.”

मी पोह्यांचा डबा खाली काढून दिला, कारण सहावा मी होतो.

पहिला उमेदवार उंच, वाळका, हॅट गुडघ्यावर ठेवून बसलेला. बायकोने बशी पुढे ठेवली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. त्याने बराच वेळ बघितलं.

“हे तांदूळ आहेत?”

“तांदूळच, पण चपटे केलेले.”

“का?”

वयाची पन्नाशी गाठली होती, पण या प्रश्नाचा विचार मी कधी केला नव्हता. तेवढ्यात त्याने पहिला घास घेतला आणि उत्तराची गरज उरली नाही. दुसरी बशी झाल्यावर मी अनुभवाकडे वळलो. तो गोदामात माल उचलायचं छोटं यंत्र चालवायचा. ट्रेलर चालवलाय का? चालवलाय. कुठून कुठे? गोदामाच्या या दारातून त्या दारात. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की हे बसत नाही. त्याला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. जाताना बायकोला हॅट काढून नमस्कार केला.

तीन दिवसांनी फोन आला. “ट्रकची नोकरी देणारे तुम्हीच का? नाश्ता असतो ते?”

आणि मग लोक येऊ लागले. हायवेवर जिथे ट्रकवाले डिझेल भरायला थांबतात, तिथे आमच्या घराचा पत्ता तोंडातोंडी फिरत होता असं मला मागाहून कळलं. दुसऱ्या रविवारच्या जाहिरातीनंतरच्या आठवड्यात अकरा जण आले, त्यातल्या चौघांनी ट्रक हा विषयच काढला नाही. एक जण बायकोला घेऊन आला. एकाचं लायसन्स जप्त झालं होतं, तो चालत आला. एकाला फक्त कॅलिफोर्नियाला जायचं होतं, ह्यूस्टन त्याला मानवत नसे. एक जण ट्रेलर काढून ठेवून ट्रकचं नुसतं तोंड घेऊन आमच्या गल्लीत आला आणि ते तोंड आमच्या दारात उभं केलं. आमच्या वसाहतीत कचऱ्याचा डबा संध्याकाळी आत घेतला नाही तरी सोसायटीचा माणूस नोटीस लिहायला येतो. त्या दिवशी तो आला, ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काय लिहावं ते न सुचून निघून गेला.

मी प्रत्येकाला तेच प्रश्न विचारत होतो आणि प्रत्येकाला न घेण्याचं खरं कारण सापडत होतं. मुलगी शाळेला सुट्टी म्हणून घरात असे. ती जिन्यावरून म्हणायची, “बाबा, धिस इज बेसिकली अ डायनर.” डायनर म्हणजे इथला ढाबा.

मी वकीलबाईला फोन केला.

“ट्रक ड्रायव्हरच्या जागेसाठी इतके लोक मी कधी पाहिले नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही काय करताय?”

“मुलाखती.”

“आणखी?”

मी पोह्यांचं सांगितलं. पलीकडे टोपण काढल्याचा आणि लावल्याचा आवाज आला.

“नियमात बसतं ना?” मी विचारलं.

“नियमात नाश्त्याचा उल्लेख नाही,” ती म्हणाली. “पण आता तुम्ही मध्येच तो बंद केलात, तर आधीच्यांना एक वागणूक आणि नंतरच्यांना दुसरी असं दिसेल. मी तुमच्या जागी असते तर सुरूच केला नसता.”

जावईबापू येत नव्हता, पण रोज रात्री त्याचा फोन येई. “आज कोण आलतं? ट्रेलर येतोय का त्याला?” मी सांगत नसे. मग त्याची बायको माझ्या बायकोला फोन करी, आणि तिला सगळं कळे.

एका संध्याकाळी ती स्वतःच आली. कामावरून थेट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, “काकू, एक रिक्वेस्ट आहे. उद्या प्लीज उपमा करा ना. जरा बिघडलेला.”

“बिघडलेला म्हणजे?”

“म्हणजे गोळे वगैरे. काकू, हा तीन वर्षं घरात आहे. मी रात्री येते तेव्हा हा मला दिवसभरात गल्लीतून गेलेल्या ट्रकांची नावं सांगतो. एखादा चांगला माणूस आला ना, तर हा परत जाईल हो कराडला. तसं तो बोलून दाखवत नाही, पण मी बघतेय ना.”

माझी बायको कणीक तिंबत होती. तिच्या हातून एखादा पदार्थ बिघडावा अशी विनंती तिला जन्मात कोणी केली नव्हती. म्हणाली, “गोळे माझ्याच्याने व्हायचे नाहीत. तिखट करते.”

दुसऱ्या दिवशी पोह्यांत तिने दुप्पट मिरच्या घातल्या. मी चव घेतली आणि माझे कान गरम झाले. उमेदवार आला, टेक्सासचाच, जन्मापासून हालापेनो मिरचीवर वाढलेला. एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, आत्ता कुठे खाल्ल्यासारखं वाटतंय. त्याच्या पुढचा जो आला तो खिशात स्वतःची लाल सॉसची बाटली घेऊन आला.

“आता काय करू?” बायकोने मला विचारलं.

“काही करू नकोस. मिरच्या संपतील.”

तीस दिवस संपायला आठवडा होता तेव्हा ती बाई आली. साठीची, पांढऱ्या केसांची बारीक वेणी, पायात कामाचे बूट. दहाला पाच कमी असताना दारात. बायकोने बशी आणली, तर म्हणाली, आभारी आहे, मी घरून खाऊन निघाले. तिने विचारलं ते फक्त कामाचं: फेरी रोज की आड दिवस, माल उतरवायला दुकानात माणूस असतो का, ब्रेकची तपासणी कोण करतं. बावीस वर्षं ट्रेलर चालवला होता, सगळ्या राज्यांतून. आता नातू झाला होता आणि रात्री स्वतःच्या पलंगावर झोपायचं होतं. लायसन्स चालू, रेकॉर्ड स्वच्छ, पगार मान्य, ह्यूस्टन मान्य.

ती गेल्यावर बायकोने न शिवलेली बशी उचलली. “हिने काही खाल्लं नाही तेव्हाच माझ्या लक्षात आलं,” ती म्हणाली. “पसंत पडायला आलेलीच न खाता जाते.”

मी यार्डात तिची चाचणी ठेवली. डॉक्टर आले. ती चढली, ट्रेलर घेऊन हायवेवर गेली, परत आली, उतरली. डॉक्टर तिच्या चालण्याकडे बारीक नजरेने पाहत होते.

“हिशेबनीस,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “डावा गुडघा गेलाय तिचा. तीस वर्षं हेच पाहिलंय मी. दोन वर्षांत बदलावा लागेल.”

“डॉक्टर, ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी होते. तिच्याकडे फिट असल्याचं सर्टिफिकेट आहे.”

“कोणी दिलं? माझ्याहून जास्त गुडघे पाहिलेत का त्याने?”

“क्लच डाव्या पायानेच दाबला तिने. चाळीस मैल.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला कळतंय ना, पोराचं काय होणार ते?”

“कळतंय,” मी म्हणालो. “पण ती लायक आहे आणि तयार आहे. नाही असं लिहायला मला कारण सापडत नाही.”

“शोधलंत तरी का?”

“शोधलं,” मी म्हणालो, आणि ते खरं होतं. आदल्या रात्री मी तिचे सगळे कागद तीनदा चाळले होते. तिच्या बावीस वर्षांत मला एक पार्किंगची पावतीसुद्धा मिळाली नव्हती.

डॉक्टर केबिनला एक चक्कर मारून आले. “घ्या तिला,” म्हणाले. “आणि गुडघ्यासाठी माझ्याकडे पाठवा. फुकट बघीन.”

जावईबापूला सांगायला मी स्वतः गेलो. तो टीव्हीसमोर लसूण सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने एक पाकळी सोलून संपवली.

“चालवती कशी?” त्याने विचारलं.

“चांगली. गिअर पडलेला ऐकू येत नाही.”

“मग बराबर हाय,” तो म्हणाला. “गाडी उभी ऱ्हायली की टायर मरत्यात. चालू दे.” आणि पुढचा लसूण घेतला.

त्यानंतर त्याचे फोन बंद झाले. दिवाळीला तो दोन महिने म्हणून कराडला गेला. दोनाचे पाच झाले. त्याची बायको भिशीला एकटी यायची आणि कोणी विचारलं तर ‘तिकडे लग्नसराई आहे’ म्हणायची. लग्नसराई इतकी लांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी बायको त्या काळात मला पोहे करून देईना. हवे तर स्वतः भिजवा, म्हणायची.

वसंतात तो आला. आला म्हणजे बायकोने तिकीट काढून आणवला. आणि त्याच उन्हाळ्यात एक विचित्र गोष्ट झाली. ग्रीन कार्डाच्या नोकरीवाल्या रांगा वर्षानुवर्षं तुंबलेल्या होत्या. त्यांच्या तारखा एकाएकी खुल्या झाल्याचं सरकारने जाहीर केलं, मग नाही म्हटलं, मग पुन्हा हो म्हटलं. फ्रिस्कोतली निम्मी सॉफ्टवेअर मंडळी रजा टाकून अर्जासाठी फोटो काढायला आणि लशी टोचून घ्यायला धावली. जावईबापूच्या बायकोचा अर्ज तिच्या कंपनीमार्फत कधीचा अडकून पडला होता, तो पुढे सरकला. तिच्याबरोबर नवऱ्याचा. आणि त्याबरोबर दोघांनाही काम करायची परवानगी.

मी सवयीने सरकारचा तो तारखांचा तक्ता तपासला. सगळे रकाने खुले होते, एक सोडून. तो ज्यात ट्रक ड्रायव्हर बसतात तो. म्हणजे ती बाई आली नसती आणि आमचा अर्ज मंजूर झाला असता, तरी त्या रांगेतून त्याला काही मिळालं नसतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “हिशेबनीस, हे तुम्हाला एक वर्ष आधी कळवता आलं असतं तर मी रोज रात्री झोपलो असतो.”

परवानगीचं कार्ड आलं त्या दिवशी जावईबापू ते घेऊन केबिनमध्ये आला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. फ्रिस्कोत तोवर देशी दुकानं वाढली होती आणि डॉक्टरांनी नववा ट्रक घेतला होता. मी वकीलबाईला फोन करून विचारलं की आता जाहिरात कुठे द्यायची.

“गरज नाही,” ती म्हणाली. “त्याला आता कोणाकडेही काम करता येईल.”

“म्हणजे काहीच नको? नोटीस?”

“काही नको.”

मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. जावईबापूने माझा चेहरा पाहिला आणि फोन माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला. “काका, बास,” म्हणाला.

लायसन्स मात्र काढायचं होतं. लेखी परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. गाडीवर हात बसवायला शेजारी लायसन्सवाला ड्रायव्हर बसलेला लागतो. मी एकेकाला विचारलं. रविवारी कोणी मोकळं नव्हतं. शेवटी त्या वेणीवाल्या बाईला विचारलं.

“हाच ना तो? ज्याची जागा मला मिळाली?” ती म्हणाली. हे तिला डॉक्टरांनी गुडघा तपासताना सांगितलं होतं.

“जागा त्याची नव्हती,” मी म्हणालो. “तुम्हीच लायक होता.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “रविवारी चर्चनंतर येते.”

पहिल्या रविवारी मीही गेलो, कारण किल्ल्या माझ्याकडे. पुढे जाताना जावईबापू झकास चालवत होता. घोडं अडलं ते ट्रेलर मागे लावताना. थोडा मागे यायचा, थांबायचा, खिडकीतून अर्धा बाहेर वाकायचा, काहीतरी ऐकत असल्यासारखा कान द्यायचा आणि तिथेच थिजायचा. तीनदा असं झालं. ती खाली उतरली.

“काय शोधतोयस?”

त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, राहिलेलं मी सांगितलं. आमच्याकडे ट्रकवर एक क्लीनर असतो. गाडी मागे घेताना तो खाली उतरून मागे उभा राहतो आणि बाजूच्या पत्र्यावर हाताने थापा मारत ओरडतो. थापा चालू आहेत तोवर मागे यायचं. एकच जोरात पडली की ब्रेक. पाच वर्षं हा आरशाकडे न बघता त्या आवाजावर गाडी मागे घेत आलाय. आवाज नाही तर पाय चालत नाही.

“परीक्षेला मागे कोणी नसणार,” मी त्याला म्हणालो.

“म्हाईत हाय वो काका. पण डोस्क्याला कळतंय, पायाला कळंना.”

बाईने थोडा विचार केला. “ओरडतो काय तो?” तिने मला विचारलं.

मी सांगितलं. ते शब्द, ‘येव द्या, येव द्या’, तिने दोनदा म्हणून पाहिले. मग ट्रेलरच्या मागे गेली, पाय रोवून उभी राहिली आणि मला म्हणाली, “आज पूर्ण करते. पुढच्या रविवारी निम्मं. त्याच्या पुढच्या रविवारी आरसे.”

मग ती पत्र्यावर थापा मारायला लागली. “येव डया, येव डया, येव डया.”

जावईबापूचा हात खिडकीबाहेर आला, ट्रेलरने एक झोका घेतला आणि सरळ रेषेत मागे येऊ लागला.